आधी पाय, मग फरशी

स्केट्सच्या दुकानात एक ठरलेला प्रयोग असतो. दुकानदार स्केट उलटा धरतो, एका चाकाला बोटाने टिचकी मारतो आणि चाक गरगर फिरत राहतं. थांबायचं नावच घेत नाही. बरोबर आलेले आईवडील कौतुकाने बघतात, मुलाचे डोळे चमकतात आणि ‘बेअरिंग बघा ना, एबेक नाइन आहे’ एवढ्या वाक्यावर सौदा निम्मा पटलेला असतो.

हॉकीच्या दृष्टीने या प्रयोगातून जवळजवळ काहीच कळत नाही. हवेत फिरणाऱ्या चाकावर कुणाचा भार नसतो. बेअरिंगमध्ये ग्रीस कमी असेल तर ते रिकामं जास्त वेळ फिरतं. उलट ग्रीसने नीट भरलेलं नवं, चांगलं बेअरिंग पहिले काही दिवस लवकर थांबतं. म्हणजे या परीक्षेत कधीकधी चांगला मालच नापास होतो. चाळीस किलोची मुलगी त्याच चाकांवर उभी राहून चेंडूमागे झपकन वळते, तेव्हा ती वळेल की घसरेल हे वेगळ्याच गोष्टींवर ठरतं. बुटात टाच किती पक्की बसली आहे, बुटाखालची प्लेट कुठे बसवली आहे, चाक किती कडक आहे आणि खाली फरशी कसली आहे. बाजार जी गोष्ट पहिली दाखवतो, ती स्पर्धेतल्या खेळाडूने शेवटी बघायची असते, हे या लेखातलं माझं सगळं म्हणणं. बाकीचा लेख म्हणजे त्याचा तपशील.

पण पायाच्याही आधी एक प्रश्न येतो आणि तो वेळेवर न विचारल्यामुळे बऱ्याच घरांत एक महागडा जोड माळ्यावर पडून असतो. मूल खेळणार आहे ती हॉकी कुठली?

आपल्याकडे रोलर हॉकी म्हणून दोन निराळे खेळ चालतात. १९५५ पासून काम करणाऱ्या रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडियाच्या छत्राखाली दोन्ही येतात, म्हणून घोटाळा वाढतो. पहिला खेळ क्वाडवरचा. दोन चाकं पुढे, दोन मागे, हातात टोकाला वळलेली लाकडी स्टिक आणि समोर कडक रबराचा चेंडू. हा चेंडू १५५ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या लेदर बॉलच्या जवळपास त्याच वजनाचा. त्यावरून पायाच्या बोटांना काय सोसावं लागत असेल ते लक्षात यावं. कडेने फळ्यांचं कुंपण असलेलं साधारण ४० बाय २० मीटरचं मैदान आणि गोलकीपर धरून एका बाजूला पाच जण. दुसरा खेळ इनलाइन हॉकी. तिथे चारही चाकं एका ओळीत, चेंडूऐवजी चपटी पक, आणि खेळाचा सगळा बाज आइस हॉकीचा. एका खेळाचे स्केट्स घालून दुसऱ्यात उतरता येत नाही, नियमच तसे आहेत. तरीही दिसायला झोकदार म्हणून इनलाइन घेतलं जातं आणि शाळेचा संघ क्वाडवर खेळतो हे फॉर्म भरताना कळतं. दहावी-बारावीच्या क्रीडागुणांवर डोळा ठेवून खेळात आलेल्या घरांत हे जास्त घडतं, कारण तिथे सगळी खरेदी घाईची असते.

हे दोन स्केट्स जन्माला आले तेच वेगवेगळ्या गरजांतून. बेल्जियममध्ये जन्मलेल्या जॉन जोसेफ मर्लिनची गोष्ट स्केटिंगच्या इतिहासात हमखास सापडते. १७६०च्या दशकात लंडनमधल्या एका मेजवानीत हा गृहस्थ चाकांच्या जोड्यांवर व्हायोलिन वाजवत शिरला आणि समोरच्या किमती आरशावर जाऊन आदळला. त्याच्या चाकांना वळता येत नव्हतं आणि थांबताही. पुढची जवळजवळ शंभर वर्षं हाच अडथळा राहिला. तो सोडवला न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टनने. १८६३मध्ये पेटंट घेतलेल्या त्याच्या स्केटमध्ये चाकांच्या दोन जोड्या होत्या आणि पाय व पट्टी यांच्यामध्ये रबर दाबलं जाईल अशी जोडणी होती. पाय एका बाजूला कलला की अक्ष त्याच बाजूला वळायचा. आज क्वाडच्या प्लेटखाली जे ‘रबर’ म्हणून बदलतात, त्याचं काम तेच आहे. प्लिम्प्टनला हॉकीशी काही देणंघेणं नव्हतं. पण लहानशा जागेत झटकन वळण्याची सोय त्याने करून दिली आणि त्यावरच क्वाडची हॉकी उभी राहिली.

इनलाइनला आजचं रूप मिळालं अमेरिकेतल्या मिनेसोटात. १९८०च्या सुमारास स्कॉट आणि ब्रेनन ऑल्सन हे आइस हॉकी खेळणारे भाऊ उन्हाळ्यात बर्फ नसताना सराव कसा करायचा या विवंचनेत होते. जुन्या खेळसामानाच्या दुकानात त्यांना एका ओळीत चाकं असलेला स्केट मिळाला. त्याला त्यांनी हॉकीचा बूट आणि पॉलियुरेथेनची चाकं जोडली. रोलरब्लेडची सुरुवात ती. म्हणून आजही इनलाइन हॉकीचा बूट आइस हॉकीच्या बुटासारखा उंच, ताठ आणि घोटा जखडून धरणारा असतो. क्वाड हॉकीचा बूट चामड्याचा किंवा तशाच जाड कृत्रिम मटेरिअलचा, घोट्याशी जरा मोकळा आणि पुढे कडक टोपी असलेला असतो.

क्वाडची हॉकी खरी घरोघर पोहोचली ती पोर्तुगाल, स्पेन, इटली आणि अर्जेंटिनात. बार्सेलोस, रेउस, लोदी, सान हुआन अशा गावांची या खेळात मोठी नावं आहेत. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ती प्रात्यक्षिक खेळ म्हणून बारा संघांनिशी खेळली गेली आणि अर्जेंटिनाने यजमान स्पेनला मागे टाकलं. पुढे ऑलिंपिकचं दार काही उघडलं नाही. पण चांगलं क्वाडचं सामान कुठून येतं याचं उत्तर या नकाशात आहे. रोल-लाइनच्या प्लेटा आणि चाकं इटलीची, रेनो आणि टूर स्पेनचे, अझेमाद पोर्तुगालचं. इनलाइनचे बावर, मिशन, टूर, अल्काली हे उत्तर अमेरिकेच्या बाजारातले. दोन्हीकडे ‘टूर’ आहे, पण स्पेनचा निराळा आणि अमेरिकेचा निराळा. ऑनलाइन मागवताना फसू नका.

आता पाय.

आपल्याकडे युनिफॉर्म, रेनकोट आणि सायकल वाढत्या अंगाची घ्यायची पद्धत आहे आणि ती वाईट नाही. स्केट्सना ती लावली की मात्र पैसे असून नसल्यासारखे होतात. दोन नंबर मोठ्या बुटात टाच उचलली जाते. खेळाडू ढकलायला जातो तेव्हा त्याच्या जोराचा पहिला हिस्सा बुटातली पोकळी भरण्यातच जातो. मग लेस करकचून आवळल्या जातात, पायाच्या वरच्या भागावर वळ उठतात, दोन मोज्यांच्या घड्या टाचेला घासतात. त्याहून वाईट म्हणजे बूट मोठा असल्यामुळे प्लेटही मोठी येते आणि पुढचा अक्ष पायाच्या चवड्याखाली न राहता बोटांकडे सरकतो. असं मूल वळताना कायम उशिरा वळतं. सर ओरडतात, ‘गुडघे वाकव!’ मूल वाकवतंही. स्केट ऐकत नाही.

म्हणून पाय मोजायचा, आणि तोही मिलिमीटरमध्ये. संध्याकाळी मोजावा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, सगळ्यात लांब बोटापाशी पेन्सिलची खूण करायची. दोन्ही पायांचं माप घ्यायचं आणि मोठं धरायचं. हे माप हातात असलं की नंबरांच्या गोंधळातून सुटका होते. आपल्याकडच्या ब्रिटिश पद्धतीत एका नंबराने साडेआठ मिलिमीटरचा फरक पडतो, युरोपी पद्धतीत पावणेसात मिलिमीटरच्या आसपास. इनलाइन हॉकीच्या बऱ्याच बुटांचा नंबर तर नेहमीच्या बुटापेक्षा एक ते दीडने कमी असतो. आठ नंबरचा बूट वापरणाऱ्याने आठच नंबरचा हॉकी स्केट घेतला तर तो त्यात पोहायला लागेल.

बूट घालून बघण्याचीही एक रीत आहे, आणि दुकानदार कितीही घाई करो, ती सोडू नये. रोज घालता तेच पातळ मोजे घालून जा. पाय आत घातल्यावर टाच मागे दोनदा आपटा, म्हणजे ती कपात बसते, आणि मग खालून वर लेस आवळत या. ताठ उभं राहिल्यावर अंगठा पुढच्या टोकाला निसटता टेकला पाहिजे. मग गुडघे पुढे झुकवून खेळायच्या पवित्र्यात या. टाच मागे सरकते आणि अंगठा मोकळा होतो. तो मोकळा झाला नाही तर बूट लहान. आधीही टेकत नव्हता तर मोठा. आता लेस सैल करून बुटाची जीभ पुढे ओढा आणि वरून तिसऱ्या भोकांच्या जोडीवर एक पेन्सिल आडवी ठेवा. पेन्सिल दोन्ही कडांवर नीट टेकली तर बुटाची खोली पुरेशी आहे. ती तुमच्या पायावर टेकून डुगडुगत असेल, तर तो बूट पायाच्या वरच्या भागाला रोज चावणार. शेवटी तसंच बूट घालून पंधरा-वीस मिनिटं बसून राहा. नव्या बुटाचा सगळीकडून येणारा दाब चालतो, तो पुढे कमी होतो. एकाच ठिकाणी टोचणारं किंवा मुंग्या आणणारं दुखणं मात्र जात नाही.

बऱ्याच इटालियन आणि स्पॅनिश बुटांचे साचे अरुंद असतात, आणि चपलांत वाढलेले पाय पुढून बरेचदा पसरट. लांबी बरोबर असून करंगळीशी आग होते ती यामुळे. उपाय म्हणून मोठा नंबर घेतला की लांबीचं गणित बिघडतं. रुंद साच्याचा दुसरा बूट शोधणं किंवा चामड्याचा बूट मोचीकडून त्या जागी थोडा ताणून घेणं जास्त शहाणपणाचं. हे काम जाणणारा मोची सापडला तर त्याचा पत्ता जपून ठेवा. इनलाइनचे वरच्या दर्जाचे बूट उष्णतेने पायाच्या आकाराला बसवता येतात. त्यासाठी दुकानात खास भट्टी असते, साधारण ८० अंश सेल्सिअसला काही मिनिटं. घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग करू नका. चाकं काढलेली असोत वा नसोत, गोंद सुटतो.

लहान मुलांचं काय, हा प्रश्न राहतोच. त्यांचा पाय वर्षाला एखाद्या नंबराने वाढू शकतो. पायापुढे अगदी थोडी जागा ठेवून घ्यावं, त्याहून जास्त नको. पहिल्या वर्षी सरकवून लांब-आखूड करायचे स्केट्स चालतात. तोल, ब्रेक, पाठीमागे चालणं हे सगळं त्यांवर शिकता येतं. पण ज्या दिवशी मूल संघाच्या निवडीला उभं राहणार, त्या दिवशी त्याच्या पायात स्वतःच्या मापाचा बूट हवा. नवा परवडत नसेल तर जुना घ्या. त्याबद्दल पुढे.

क्वाडच्या प्लेटकडे दुकानात फार कमी लोक बघतात, खेळाडू मात्र आयुष्यभर तिच्याशीच भांडत असतो. प्लेट म्हणजे बुटाच्या तळाला स्क्रूने किंवा रिबिटने बसवलेली पाठ. शिकाऊ स्केट्समध्ये ती नायलॉनची असते, स्पर्धेच्या स्केट्समध्ये ॲल्युमिनियमची. वजन जास्त आणि वळणं जोरात असली की नायलॉन किंचित लवतं, आणि तेवढ्यानेही वळणाची धार जाते. प्लेट सरळ बसली आहे का हे पाहायला स्केट उलटा करून डोळ्यासमोर धरा. टाचेच्या मध्यापासून निघालेली रेष पुढे अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटाच्या दरम्यान गेली पाहिजे. ती बाहेरच्या बाजूला सरकलेली असेल तर स्केट सरळ चालताना सतत आत-बाहेर ओढतो आणि मूल आपल्या चालण्यालाच दोष देत बसतं. बूट आणि प्लेट वेगवेगळे घेऊन गावातच जोडून घेतले असतील तर ही तपासणी चुकवूच नका. छोटी प्लेट चपळ, लांब प्लेट स्थिर. हॉकीत चपळाईला किंमत आहे, पण आधी चवडा अक्षावर यायला हवा.

आता रबरं आणि ती ज्या बोल्टवर आवळली जातात तो किंगपिन. सरावानंतरच्या कुठल्याही रिंकवर हे दृश्य दिसतं. कठड्याला पाठ टेकून बसलेले सर, मांडीवर उलटा स्केट, हातात टी आकाराचा पाना. ते अंगठ्याने ट्रक, म्हणजे चाकांचा अक्ष धरणारा भाग, एका बाजूला दाबून बघतात, मग दुसऱ्या बाजूला. ट्रक हलतच नाही. नवा जोड बहुधा कारखान्यातून असाच करकचून आवळलेला येतो, म्हणजे पहिल्या दिवशी कुणी पडणार नाही आणि दुकानात डुगडुगला म्हणून परत आणणार नाही. सर नट अर्धा फेरा सैल करतात, तेवढाच दुसऱ्या ट्रकचा, तेवढाच दुसऱ्या पायाचा. नटाबाहेर किती आटे दिसतात ते मोजून चारही ठिकाणी सारखे करतात. मुलगी एक फेरी मारून येते. वळण आता आपोआप येतं, पण सरळ जोरात जाताना पुढची चाकं थरथरतात. पाव फेरा परत आवळला जातो. हे सगळं चालतं दहा मिनिटं, आणि त्यातून जे मिळतं ते महागड्या बेअरिंगनेही मिळत नाही. मुलगी अगदी हलकी असेल तर नट सैल करूनही ट्रक वळत नाही. तेव्हा रबरंच मऊ घालावी लागतात. भरदार अंगाच्या खेळाडूचं उलट, त्याला कडक रबर. प्लेट कितीही चांगली असो, ती दुसऱ्याच्या वजनासाठी बसवलेली असेल तर तुमच्या कामाची नाही.

पुढचा स्टॉपरही क्वाड हॉकीत नुसता ब्रेक नसतो. जागेवरून धाव घेताना खेळाडू पहिली दोन-तीन पावलं त्याच्यावर पळतो. तो फार खाली आला तर चालताना फरशीला लागून तोंडावर पडायची व्यवस्था होते, फार वर गेला तर सुरुवातीची धाव जाते. त्याचा लॉक नट सामन्याआधी हाताने नाही, पान्याने तपासावा.

यानंतर फरशी. माझ्या मते आपल्याकडच्या खेळाडूंचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. परदेशातले चाकांचे तक्ते आपण जसेच्या तसे वाचतो. ते तक्ते युरोपातल्या बंदिस्त हॉलमधल्या लाकडी फरशीसाठी आणि अमेरिकेतल्या प्लॅस्टिक टाइल्ससाठी लिहिलेले असतात. आपली मुलं खेळतात घोटलेल्या सिमेंटवर, कोट्याच्या फरशीवर, सोसायटीच्या पोडियमवर, शाळेच्या बास्केटबॉल कोर्टवर. वर छप्पर असेलच असं नाही. धूळ असतेच.

चाकाचा कडकपणा ‘ए’ मापात मोजतात आणि आकडा चाकावरच छापलेला असतो. मोठा आकडा म्हणजे कडक चाक. इनलाइन हॉकीत आतल्या गुळगुळीत टाइल्ससाठी ७२ ते ७८ची मऊ चाकं वापरतात, बाहेरच्या खरखरीत जमिनीसाठी ८२ ते ८५. आतली मऊ चाकं सिमेंटवर नेली तर थोड्याच दिवसांत त्यांचे तुकडे पडायला लागतात. खोडरबर कागदावर घासावं तशी ती झिजतात. क्वाड हॉकीची चाकं साधारण ६० मिलिमीटरची आणि मुळातच कडक, नव्वदीच्या आगेमागे. यातून निवडताना तत्त्व सोपं आहे. खरखरीत फरशी स्वतःच पकड देते, म्हणून तिथे कडक चाक चालतं आणि टिकतंही. घोटून गुळगुळीत केलेल्या, वर बारीक धूळ बसलेल्या फरशीवर पकड चाकालाच द्यावी लागते, म्हणून तिथे दोन-चार अंकांनी मऊ चाक हवं. त्यात खेळाडूचं वजन मिसळा. साठ किलोच्या मुलाखाली जे चाक मऊ वाटतं तेच तीस किलोच्या मुलीखाली दगड होतं, कारण तिच्या भाराने ते दबतच नाही. लहान मुलांना मोठ्या खेळाडूंची उतरलेली कडक चाकं देण्याची काटकसर म्हणूनच अंगाशी येते.

आणि घसरणं पूर्ण बंद करायचंच नसतं. हॉकीतला आडवा ब्रेक म्हणजे ठरवून केलेलं घसरणं. फार चिकट चाकं लावली की ब्रेकच्या वेळी चाकं फरशी सोडत नाहीत आणि सगळा झटका घोट्याला आणि गुडघ्याला बसतो. योग्य चाक ओळखायची माझी कसोटी साधी आहे. निम्म्या वेगाने येऊन आडवा ब्रेक लावा. चाकांनी किंचित कुरकुर करत हातभर घसरून थांबावं. जागच्या जागी अडकली तर मऊ, पुढे वाहत गेली तर कडक.

चाकं झिजतात ती आतल्या कडेने जास्त. ती आलटून पालटून, बाजू उलट करून लावली तर जवळजवळ दुप्पट चालतात. एका पायाची दुसऱ्या पायात आणि पुढची मागे. हे काम मुलांनाच शिकवावं. स्वतःचा स्केट एकदा पूर्ण खोलून जोडलेला खेळाडू सामन्यात सैल झालेला नट आवाजावरून ओळखतो.

इनलाइनवाल्यांचा प्रश्न किंगपिनचा नसून फ्रेमचा. काही फ्रेममध्ये चारही चाकं ८० मिलिमीटरची असतात. हॉकीत जास्त दिसणारी रचना म्हणजे पुढची दोन ७६ची आणि मागची दोन ८०ची. मागून थोडी उंच असल्यामुळे शरीर आपोआप पुढे झुकतं आणि झेप घ्यायला सोपं जातं. पण त्याची सवय व्हावी लागते. सपाट फ्रेमवर शिकलेला खेळाडू पहिले काही दिवस नाकावर पडेल की काय या धास्तीत असतो. अशा फ्रेमची चाकं फिरवताना पुढची पुढच्यांत आणि मागचीच मागच्यांत फिरवायची. त्याशिवाय, फ्रेम बुटाला रिबिटने जोडलेली असते, म्हणून ती वाकडी बसलेली निघाली तर घरी दुरुस्त होत नाही. नवा जोड टेबलावर उभा करून मागून बघा. दोन्ही बूट सारखेच ताठ उभे राहिले पाहिजेत.

आता शेवटी बेअरिंग, ज्याच्यापासून दुकानात सुरुवात होते. एबेकचा १, ३, ५, ७, ९ हा आकडा बेअरिंग किती काटेकोर मापाने बनवलं आहे ते सांगतो. ते किती वेगाने धावेल किंवा बाजूने बसणारे धक्के किती सोसेल याबद्दल तो गप्प असतो. हिशेब करून पाहा. ६० मिलिमीटरचं चाक ताशी २० किलोमीटर वेगाला मिनिटाला पावणेदोन हजारांच्या आसपास फेरे घेतं. या आकाराची साधी, चांगल्या कंपनीची बेअरिंगं कारखान्यांतल्या यंत्रांत मिनिटाला तीस हजारांहून अधिक फेऱ्यांसाठी बनवलेली असतात. हॉकीत बेअरिंग मरतं ते वेगाने नव्हे. धुळीने, पाण्याने आणि आडव्या धक्क्यांनी मरतं. त्यामुळे आपल्या हवेत रबरी सील असलेलं, सील टाचणीने उघडून साफ करता येणारं पाच किंवा सात आकड्याचं बेअरिंग पुष्कळ झालं. रॉकेलमध्ये धुवा, पूर्ण वाळवा, शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडा. जास्त तेल म्हणजे जास्त धूळ.

घेताना मात्र एक बारीक गोष्ट बघा. आपल्या बाजारात सर्रास मिळणारं ६०८ नंबरचं बेअरिंग ८ मिलिमीटरच्या अक्षासाठी असतं. युरोपी क्वाड प्लेटांचा अक्ष पुष्कळदा ७ मिलिमीटरचा असतो आणि त्याला ६२७ नंबर लागतं. बाहेरून दोन्ही एकाच आकाराची दिसतात. स्पर्धेच्या आदल्या दिवशी सोळा बेअरिंगं आणावीत आणि ती अक्षावर खडखडावीत, यासारखा मनस्ताप नाही.

गोलकीपरची निवड या सगळ्यात वेगळी. क्वाडच्या हॉकीत तो बराच वेळ उकिडवा, स्टॉपरवर भार टाकून असतो आणि बाजूला झेपावतो. त्याला वेगवान चाकं नकोत, पकडीची हवीत. दणकट स्टॉपर हवा आणि आतल्या बाजूने जाड बूट. संघातल्या कुणाचा तरी उतरलेला जोड गोलकीपरला देऊन भागवायची पद्धत आहे. ती ताबडतोब थांबवावी, एवढंच म्हणतो.

जुन्या स्केट्सचा बाजार मुख्यतः सरांच्या फोनवर आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतो, आणि तो चांगला बाजार आहे. मोठ्या झालेल्या मुलाचा पाच आकडी किमतीचा जोड निम्म्याहून कमीत मिळतो. बघायचं ते असं. बुटाचा तळ प्लेटपाशी सुटलेला नाही ना. किंगपिनच्या मुळाशी केसाएवढीही चीर नाही ना, कारण असलेली चीर फक्त वाढते. चाकं काढून अक्ष फिरवून पाहा, वाकलेला अक्ष लगेच डोळ्यांत भरतो. अक्षाच्या आट्यांवर नट हाताने सरळ बसतो का. घोट्यापाशी चामडं लुळं पडलं असेल तर तो बूट दुसऱ्या पायाच्या वळणाने घडलेला आहे, स्वस्त असला तरी सोडून द्या. झिजलेली चाकं, मेलेली बेअरिंगं, तडकलेली रबरं याची काळजी नको, ती बदलता येतात. ज्यांच्या हातात ठरावीकच पैसे आहेत त्यांनी चांगल्या बुटाचा आणि प्लेटचा जुना जोड घेऊन त्याला नवी चाकं आणि रबरं घालावीत. चकचकीत चाकांचा नवा स्वस्त जोड घेण्यापेक्षा हा सौदा नेहमीच बरा ठरतो.

नवा जोड घेतलाच तर स्पर्धेआधी किमान तीन-चार आठवडे घ्या. पहिल्या सरावाला अर्धा तासच घाला, मग जुना. लेसची भोकं, टाचेचा कप, जीभ या जागी पाय आणि बूट एकमेकांशी जुळायला वेळ लागतो. आणि बाहेरगावी जाताना चाकांचे दोन संच न्या, एक कडक, एक चार-पाच अंकांनी मऊ. चंडीगड-पंजाबकडच्या रिंकवर, जिथे हा खेळ खूप आधीपासून रुजला आहे, फरशी तुमच्या शाळेच्या कोर्टासारखी असेलच असं नाही. पहिल्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी सराव मिळाला तर आधी गोलावर मारण्यात वेळ घालवू नका. दोन आडवे ब्रेक लावा, चाकं ठरवा, चाकांचे आठही नट पान्याने तपासा आणि मग स्टिक हातात घ्या.